स्पर्श नाकारणारा डॉक्टर, सुई टोचणारा डॉक्टर : ग्वाटेमाला ते हवाना



युरोप-अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांमध्ये 'ग्लोबल हेल्थ प्लेसमेंट' नावाची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. शिकता शिकता विद्यार्थी काही आठवडे एखाद्या गरीब देशात जातो. त्यातही ग्वाटेमाला, पेरू, इक्वेडोर, होंडुरास असे स्पॅनिश बोलणारे देश विशेष पसंतीचे. ग्वाटेमालातल्या अँटिग्वा किंवा केत्सालतेनांगोमध्ये अर्धा दिवस स्पॅनिशचा क्लास आणि अर्धा दिवस दवाखान्यात काम, असा साधारण कार्यक्रम असतो. विद्यार्थी परत जातो तेव्हा त्याच्या बायोडेटात एक वजनदार ओळ वाढलेली असते.

यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. आपल्या वस्त्यांतली मुलंमुलीही आता एमबीबीएस होऊन परदेशात जात आहेत आणि त्यांच्यापुढेही अशा संधी येत आहेत. म्हणून या प्रश्नाचं उत्तर आपण आपल्या बाजूने शोधायला हवं. विद्यार्थी चांगला की वाईट, हा मुद्दा नाही. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात माणूस म्हणून नातं काय आहे, हा मुद्दा आहे. आणि हे नातं एखाद्याच्या मनाच्या चांगुलपणावर ठरत नाही, ते इतिहासाने ठरवलेलं असतं. हा इतिहास तपासायचा तर सुरुवात आपल्याकडून करावी लागेल.

काठियावाडातलं थर्मामीटर

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत नोंदवली आहे. डिसेंबर १९२९ मध्ये ती पत्ररूपाने गांधींच्या 'यंग इंडिया'त छापून आली होती. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसाने शब्द टाकल्यावर तो आला, पण बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. फी घेतली. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिलं, त्याने ते नवऱ्याला दिलं आणि नवऱ्याने बायकोला लावलं. तसंच ते हातोहात परत आलं. डॉक्टरने लांबूनच ते पाहिलं आणि न्यूमोनिया असल्याचं सांगितलं. पुन्हा यायला त्याने नकार दिला. बाई गेली.

या डॉक्टरकडे ज्ञान होतं, औषध होतं, निदानही बहुधा बरोबर होतं. तरीही बाई मेली, कारण त्याच्या लेखी ती माणूस नव्हती. वैद्यकीय ज्ञान माणसाला आपोआप माणुसकी शिकवत नाही, हा बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेला पहिला धडा आहे.

आता याच नात्याची दुसरी बाजू पाहू. काठियावाडच्या डॉक्टरने स्पर्श नाकारला. दुसरीकडे असे डॉक्टर होते ज्यांना गरिबांच्या शरीराला हात लावायला अजिबात संकोच नव्हता, उलट त्यांना ती शरीरं हवीच होती.

१९४६ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

१९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या, कारण अस्पृश्यांचा प्रश्न त्याच मार्गाने जगापुढे नेण्याचा विचार चालू होता. ३१ जुलैला डू बॉइस यांनी सहानुभूतीचं उत्तर पाठवलं. जगातले दोन दडपलेले समाज एकमेकांकडे पाहत होते.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसचे डॉक्टर ग्वाटेमालात पोहोचले. प्रमुख होते डॉ. जॉन कटलर. पेनिसिलीन नुकतंच हाती आलं होतं आणि लैंगिक आजारांचा संसर्ग त्याने किंवा इतर औषधांनी आधीच रोखता येतो का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी निरोगी माणसांना मुद्दाम रोग लावायचा होता. १९४६ ते १९४८ या काळात तुरुंगातले कैदी, सैनिक, मनोरुग्णालयातले रुग्ण आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रिया अशा सुमारे १,३०० जणांना सिफिलिस, गनोरिया आणि शँक्रॉइड या रोगांच्या संसर्गात ढकलण्यात आलं. उपचाराची काही ना काही नोंद सापडते ती त्यातल्या सुमारे निम्म्यांचीच. रक्ततपासणीच्या नावाखाली अनाथाश्रमातल्या मुलांचंही रक्त काढलं गेलं. पैसा अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा होता आणि मदत ग्वाटेमालाच्याच आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्यांची.

संमती कुणाचीही घेतली नाही. मनोरुग्णालयाला मोबदला म्हणून औषधं, एक रेफ्रिजरेटर, सिनेमाचा प्रोजेक्टर आणि जेवणाची भांडी मिळाली. माणसांना मिळाल्या सिगारेटी. मनोरुग्णालयातल्या बर्था नावाच्या बाईची नोंद पुढे झालेल्या चौकशीत आली. तिला आधी सिफिलिस टोचण्यात आला. ती मरणाला टेकली आहे असं लिहून ठेवल्यावरही त्याच दिवशी तिच्या डोळ्यांत गनोरियाचा पू घालण्यात आला आणि पुन्हा सिफिलिस टोचण्यात आला. काही दिवसांत ती मेली. कागदावर तिचं आडनावही नाही.

याच कटलर यांनी आधी अमेरिकेतल्या टेरे हॉट इथल्या तुरुंगात असाच प्रयोग केला होता. तिथे कैद्यांच्या सह्या घेतल्या होत्या, कारण ते अमेरिकन नागरिक होते. ग्वाटेमालात त्याचीही गरज वाटली नाही. असा प्रयोग आपल्या देशात आपण करू शकलो नसतो, हे अमेरिकेचे सर्जन जनरल बोलल्याची नोंद त्या वेळच्या पत्रव्यवहारात आहे. म्हणजे चूक काय आणि बरोबर काय हे त्यांना नीट माहीत होतं. डिसेंबर १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला उभा राहिला, तेव्हाही ग्वाटेमालातल्या सुया थांबल्या नाहीत.

पुढे हेच कटलर अमेरिकेतल्या टस्कीगीच्या प्रयोगातही सामील झाले. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अलाबामातल्या सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर तो चालला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिलं नाही. रोग शेवटपर्यंत काय करतो ते पाहायचं होतं.

ग्वाटेमालाचं प्रकरण साठ वर्षं कपाटात पडून होतं. सुसान रेव्हर्बी या इतिहासकार बाईंना पिट्सबर्ग विद्यापीठातल्या कटलर यांच्या कागदपत्रांत ते सापडलं. ऑक्टोबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ग्वाटेमालाच्या राष्ट्राध्यक्षांना फोन करून माफी मागितली. २०११ मध्ये अमेरिकी आयोगाचा अहवाल आला. आज जो विद्यार्थी त्या देशात स्टेथोस्कोप घेऊन उतरतो, त्याच्या आधी हे सगळं तिथे उतरलेलं आहे.

स्पॅनिश बोलणारा समाज म्हणजे कोण?

प्लेसमेंटच्या माहितीपत्रकात 'स्पॅनिश-भाषिक समाज' असं लिहिलेलं असतं. आपण जरा थांबून विचारू : स्पॅनिश कुणाची भाषा? ग्वाटेमालात बावीस माया भाषा आहेत. दवाखान्याच्या रांगेत उभी असलेली बाई किचे, माम, काक्चिकेल किंवा केक्ची बोलणारी असू शकते. तिच्यासाठी स्पॅनिश ही जमीनदाराची, पोलिसाची आणि कचेरीची भाषा आहे. विद्यार्थी चार आठवड्यांत स्पॅनिश शिकतो आणि आपण लोकांच्या भाषेत बोललो या समाधानात परततो. तो बोललेला असतो वरच्या थराच्या भाषेत. नंदुरबारच्या पाड्यावरून आलेल्या भिल्ल बाईशी पुस्तकी मराठीत बोलणारा डॉक्टर आठवा, म्हणजे ही गोष्ट लगेच कळेल.

भाषेमागे जमीन आहे. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेंझ यांच्या सरकारने पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायचा कायदा केला. युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी कंपनीच्या जमिनीला धक्का लागला आणि १९५४ मध्ये सीआयएच्या मदतीने ते सरकार पाडण्यात आलं. १९६० ते १९९६ यादवी चालली. सुमारे दोन लाख माणसं मारली किंवा बेपत्ता केली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने झालेल्या चौकशीत ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया असल्याचं १९९९ मध्ये समोर आलं. त्या बाईचं पोर कुपोषित का, याचं उत्तर या इतिहासात आहे. जंताच्या गोळीत ते सापडणार नाही. गोळी द्यावीच लागते. पण गोळी देणाऱ्याला हे माहीत नसेल, तर तो त्या बाईलाच हात धुवायला शिकवून परत येतो.

१९५२ : एक मेडिकल विद्यार्थी सान पाब्लोला

याच खंडात एका मेडिकल विद्यार्थ्याची वेगळी यात्राही झाली. अर्जेंटिनाचा अर्नेस्टो गेव्हारा हा डॉक्टरीची पदवी मिळण्याआधीच, १९५२ मध्ये, मित्र अल्बर्टो ग्रानादोबरोबर मोटरसायकलवर निघाला. गाडी वाटेत मोडली, मग दोघे मिळेल त्या वाहनाने पुढे गेले. लिमात त्यांना डॉ. उगो पेसे हे कुष्ठरोगतज्ज्ञ भेटले. त्यांच्या ओळखीने जूनमध्ये दोघे पेरूतल्या ॲमेझॉनकाठच्या सान पाब्लो कुष्ठवसाहतीत पोहोचले. तिथे त्यांनी हातमोजे न घालता रुग्णांशी हात मिळवले, त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळले, त्यांच्यात बसले.

काठियावाडच्या थर्मामीटरच्या शेजारी हे हस्तांदोलन ठेवून पाहा. स्पर्श म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पण आपल्यासाठी या हस्तांदोलनापेक्षाही महत्त्वाचं आहे ते त्याचं ऑगस्ट १९६० मधलं हवानातलं भाषण. नुकत्याच पास झालेल्या काही डॉक्टरांनी जादा मोबदला मिळाल्याशिवाय खेड्यात जायला नकार दिला होता. गेव्हाराने त्यांना शिव्या दिल्या नाहीत. त्याने सांगितलं की ही मुलं अशा घरांतली आहेत ज्यांना शिक्षणाचा खर्च झेपत होता, आणि ती घातलेला पैसा वसूल करू पाहत आहेत. यांच्याऐवजी विद्यापीठातून दोन-तीनशे शेतकरी डॉक्टर होऊन बाहेर पडले असते, तर ते आपल्या भावंडांकडे धावत गेले असते.

हे वाचून आंबेडकरी माणसाला नवल वाटणार नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी शिक्षकांबद्दल हेच मांडलं होतं. ब्राह्मण शिक्षक शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळत नाहीत, म्हणून शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, जो वेळप्रसंगी नांगर किंवा वाकस हाती धरू शकेल. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापुरात नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाचं तत्त्व संविधानात आणलं. सेवा कुणाची होते हे सेवा करणारा कुठून येतो यावर ठरतं, हा विचार आपल्याकडे हवानाच्या आधीपासून आहे.

जॅकेट आणि दवाखाना

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये टस्कीगीची बातमी अमेरिकी वृत्तपत्रांत फुटली. ज्या ब्लॅक पँथरचं नाव आपल्या तरुणांनी घेतलं, त्या संघटनेचं काळं जॅकेट आणि बंदूक आपल्याला ठाऊक आहे. त्यांचे मोफत दवाखाने मात्र आपल्या चर्चेत फारसे येत नाहीत. १९७० च्या सुमारास ब्लॅक पँथरच्या शाखांनी वस्त्यांत लोकांचे दवाखाने उघडले. सिकलसेलसारख्या कृष्णवर्णीयांत जास्त आढळणाऱ्या आजाराकडे सरकारी वैद्यक पाहत नव्हतं, तेव्हा पँथरनी त्याच्या तपासण्या घरोघरी नेल्या. सिकलसेल आपल्या विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांतही आहे, हे वेगळं सांगायला नको.

न्यूयॉर्कमध्ये प्वेर्तो रिकोच्या, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांच्या तरुणांनी 'यंग लॉर्ड्स' ही संघटना उभारली होती. १४ जुलै १९७० रोजी त्यांनी दक्षिण ब्राँक्समधलं मोडकळीला आलेलं लिंकन हॉस्पिटल काही तास ताब्यात घेतलं. वस्तीत त्या हॉस्पिटलला लोक खाटीकखाना म्हणत. रुग्णांना हक्क असतात ही त्यांची मागणी होती, आणि आत शिकणारे काही तरुण डॉक्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९७६ मध्ये हॉस्पिटलची नवी इमारत झाली. या डॉक्टरांनी परदेशात जाऊन फोटो काढले नाहीत. आपल्याच शहरातल्या रुग्णांच्या संघटनेमागे ते चालले.

हवाना : उलट दिशेची प्लेसमेंट

१९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत हजारो माणसं मारली. क्युबाने डॉक्टर पाठवले, पण डॉक्टर कधीतरी परत जाणार. म्हणून तिथल्याच गरीब मुलांना डॉक्टर करायचं ठरलं. हवानाच्या पश्चिमेला नौदलाची एक जुनी प्रशिक्षण संस्था होती. १९९९ मध्ये त्या जागेत लॅटिन अमेरिकन स्कूल ऑफ मेडिसिन सुरू झालं. शिक्षण, राहणं, जेवण मोफत. ज्यांचा शालेय पाया कच्चा आहे त्यांच्यासाठी आधी तयारीचा अभ्यासक्रम, आणि ज्यांना स्पॅनिश येत नाही त्यांच्यासाठी भाषेचे वर्ग. बदल्यात एक नैतिक वचन : शिकून आपल्या डॉक्टर नसलेल्या वस्तीत परत जायचं. २००५ मध्ये दीड हजारांहून अधिक डॉक्टरांची पहिली तुकडी बाहेर पडली. आतापर्यंत शंभराहून अधिक देशांतले हजारो डॉक्टर तिथे तयार झाले आहेत.

इथे 'मेरिट'वाल्यांनी लक्ष द्यावं. तयारी कमी आहे म्हणून दार बंद करायचं, की तयारी करून घ्यायची? या कॉलेजने दुसरा मार्ग निवडला.

आणि या कॉलेजात अमेरिकेतूनही विद्यार्थी आले. २००० मध्ये अमेरिकी संसदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांचं शिष्टमंडळ हवानाला गेलं. मिसिसिपीचे बेनी थॉम्पसन यांनी सांगितलं की माझ्या मतदारसंघातल्या कित्येक भागांत डॉक्टरच नाहीत. त्यातून अमेरिकेतल्या गरीब विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या निघाल्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं डॉक्टर होण्यासाठी एका गरीब, स्पॅनिश बोलणाऱ्या देशात गेली. असं का घडावं? एक कारण १९१० च्या फ्लेक्सनर अहवालात आहे. त्या वेळी कृष्णवर्णीयांची सात मेडिकल कॉलेजं होती. 'दर्जा' वाढवण्याच्या नावाखाली झालेल्या फेररचनेत दोनच उरली. दुसरं कारण फी. अमेरिकेत डॉक्टर होणाऱ्याच्या डोक्यावर दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज होतं. आज तिथल्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के आहेत, पण डॉक्टरांत ५ टक्क्यांच्या आसपासच. दर्जाच्या नावाने कुणाला बाहेर ठेवलं जातं हे आपल्याला नवं नाही.

होंडुरासच्या किनाऱ्यावर गरिफुना नावाचा समाज राहतो. आफ्रिकी आणि मूळनिवासी रक्ताच्या या लोकांना ब्रिटिशांनी १७९७ मध्ये सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकलून दिलं होतं. हवानात शिकलेल्या गरिफुना डॉक्टरांनी लुथर कास्तियो यांच्या पुढाकाराने सिरिबोया गावात आपल्या समाजाचं पहिलं हॉस्पिटल उभं केलं. २००७ मध्ये ते सुरू झालं. तिथे डॉक्टर रुग्णाच्याच भाषेत बोलतो, आणि आठवडे संपले म्हणून निघून जात नाही.

निकष बाबासाहेबांचाच

याचा अर्थ क्युबाची आरती ओवाळायची असा नाही. हाच गेव्हारा क्रांतीनंतर ला काबान्या तुरुंगात मृत्युदंडांवर शिक्कामोर्तब करत होता. क्युबात एकाच पक्षाची सत्ता आहे, विरोधकांना तुरुंग आहे. परदेशात पाठवलेल्या डॉक्टरांच्या कमाईचा मोठा हिस्सा सरकार ठेवतं आणि काम सोडणाऱ्याला वर्षानुवर्षं मायदेशी येऊ देत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनीही यावर प्रश्न उपस्थित केले आहेत. 'बुद्ध की मार्क्स' मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट केलं होतं की स्वातंत्र्य आणि बंधुता गमावून मिळणाऱ्या समतेला किंमत नाही. म्हणून कॉलेजाचं तत्त्व घ्यावं, हुकूमशाही घेऊ नये. आपल्याकडे संविधान आहे. मोफत शिक्षण, प्रतिनिधित्व आणि डॉक्टर नसलेल्या वस्तीला डॉक्टर देणं हे लोकशाहीत करता येणार नाही असं सांगणारा माणूस आपल्याला फसवत असतो.

२०१० मध्येच, म्हणजे माफीच्या वर्षी, परदेशी प्लेसमेंटसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वंही प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्याची तयारी हवी, यजमान समाजाचाही फायदा हवा, त्याच्यावर भार पडू नये, असं त्यांत सांगितलं आहे. चांगलं आहे. पण हे नियम रुग्णांनी लिहिलेले नाहीत. आपण, ज्यांच्या वस्त्यांत कॅम्प लागतात आणि ज्यांची माणसं सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात पडून विद्यार्थ्यांना शिकवतात, आपले प्रश्न आपण लिहायला हवेत.

या शिकणाऱ्याला कुणी बोलावलं? तो रुग्णाच्या भाषेत बोलतो की मालकाच्या? जे काम त्याला स्वतःच्या देशात, स्वतःच्या जातीच्या माणसावर करायची परवानगी नाही, ते तो इथे करतो आहे का? तो गेल्यावर वस्तीत काय उरतं? आणि त्या वस्तीतली मुलगी डॉक्टर व्हावी यासाठी त्याच्या कॉलेजने काय केलं?

ग्वाटेमालाला जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे विचारा. आपल्या वस्तीत कॅम्प लावणाऱ्या संस्थेला विचारा. आणि आपल्यातून जे डॉक्टर झाले आहेत त्यांनी हे स्वतःला विचारावं, कारण वरच्या थरात पोहोचल्यावर थर्मामीटर लांबून देण्याची सवय कुणालाही लागू शकते. आपल्या पहिल्या पिढीच्या डॉक्टरांनी महिन्यातून एक दिवस जरी आपल्या वस्तीतल्या बाईची नाडी स्वतःच्या हाताने पाहिली आणि तिच्या मुलीला बारावीच्या अभ्यासाला बसवलं, तरी ती प्लेसमेंट कुठल्याही बायोडेटातल्या ओळीपेक्षा मोठी ठरेल.

जय भीम!